खिडकीला उंबरा नसतो

शनिवार, ३ ऑगस्ट २०१९

सकाळपासून पाऊस. पिण्याचं पाणी भरून ठेवलं. दुपारी वरण-भात केला, निम्मा उरला. सृष्टीचा पुण्याहून फोन आला. तेरावा झाल्यावर ती बुधवारी परत गेली. "आई, एकटी राहशील ना?" विचारत होती. राहते म्हटलं.

हे जाऊन आज सोळा दिवस झाले.

शाळेच्या प्रयोगशाळेत एकोणतीस वर्षं मी साहित्याची नोंदवही लिहिली. निवृत्त झाल्यावर वही सुटली होती. आता परत धरली आहे. चार ओळी लिहिल्या की दिवस संपला असं धरता येतं.

नदी पात्राबाहेर आली आहे, असं दूधवाला म्हणाला.


रविवार, ४ ऑगस्ट

दुपारी चारला समोरून हाक आली.

"वैनी, हाय का?"

समोरच्या गिरणीच्या वर नानासो राहतात. हळदीच्या पेठेत तोलार होते, पोती तोलायचे. पत्नी मागेच गेली, मुलगी इस्लामपूरला दिलेली. त्यांची खिडकी आणि आमची खिडकी समोरासमोर, मध्ये दहा फुटांचा बोळ. यांनी या एका खिडकीला गज बसवू दिले नाहीत. गजांतून नानासोंचं तोंड कापल्यासारखं दिसतं म्हणायचे.

तीस वर्षं हे आणि नानासो रोज चारला बुद्धिबळ खेळायचे, कधी इकडे, कधी तिकडे. गुडघे दुखायला लागल्यावर जिना नको म्हणून खिडकीतूनच खेळायचे. दोघांकडे एकेक पट, आणि तोंडानं खेळी सांगायची. मी चहा द्यायचे.

मी खिडकीत गेले. यांना नानासो दादासो म्हणायचे. ते म्हणाले, "दादासोंचा डाव अर्धा हाय. पट तसाच ठेवलाय मी."

"मग आता उचलून ठेवा, भावजी."

"अर्धा डाव उचलत न्हाईत. काळ्याकडनं तुमी खेळा की."

"मला कुठं येतंय?"

"तीस वरसं च्या देताना बघितलाय. बघून बघून मांजराला बी येतं."

यांचा पट कपाटावर होता. नानासोंनी एकेक सोंगटी कुठं आहे ते सांगितलं, मी मांडत गेले. यांचा डाव बरा होता. वजीर होता, दोन्ही घोडे होते. चार खेळ्या झाल्या. मग अंधारून आलं.

बोळात घोट्याएवढं पाणी आहे. शेजारच्या देशपांड्यांनी गाडी वरच्या रस्त्याला नेऊन लावली.


सोमवार, ५ ऑगस्ट

वीज गेली. पाणी गिरणीच्या शटरला लागलं आहे. आमच्या जिन्याच्या अठरापैकी चार पायऱ्या बुडाल्या. बोळातले बहुतेक लोक सकाळी सामान डोक्यावर घेऊन निघून गेले. देशपांडे वहिनी जिन्याखालून म्हणाल्या, चला आमच्याबरोबर. मी म्हटलं, माझा भाऊ न्यायला येणार आहे.

ते खरंच आहे. आमच्यात नवरा गेलेली बाई महिनाभर उंबरा ओलांडत नाही. मग माहेरचा माणूस येतो, साडी देतो आणि हात धरून पहिल्यांदा बाहेर काढतो. माझे वडील शिकलेले होते, माझं नाव त्यांनी क्रांती ठेवलं. पण आत्याचे यजमान गेले तेव्हा मीच तिला न्यायला गेलो होतो, असले दाखले तेही द्यायचे. महिना अठराला भरतो. एकोणीसला लालासाहेब दहिवडीहून येणार असं ठरलं आहे.

गिरणीच्या भिंतीवर २००५ च्या पुराची डांबराची रेघ आहे. पाणी तिच्यापेक्षा पुरुषभर खाली आहे. सगळे म्हणतात त्या रेघेच्या वर पाणी कधी येत नाही.

डाव चालू आहे. नानासो देशी नियमानं खेळतात. त्यात राजाला एकदाच घोड्यासारखी उडी मारता येते, पण त्याला एकदाही शह बसलेला नसला तरच. आज ते म्हणाले, "वैनी, शह बसायच्या आत उडी मारा. एकदा शह बसला की उडी गेली."

माझा राजा कोपऱ्यात नीट होता. मी हलवला नाही. त्यांनी तेच तीन वेळा सांगितलं. समोरच्याला असं कुणी शिकवत नाही. वय झालं त्यांचं.


मंगळवार, ६ ऑगस्ट

नऊ पायऱ्या बुडाल्या. खालच्या खोलीतला गॅसचा रिकामा सिलिंडर पाण्यावर येऊन भिंतीला धडकतो आहे. दर थोड्या वेळानं दार वाजवल्यासारखा आवाज येतो. दोनदा मी जिन्यापर्यंत जाऊन आले.

फोन दिवसातून दहा मिनिटं लावते. सृष्टी रडत होती. नंतर लालासाहेबचा आला. तो जनावरं घेऊन चारा छावणीत आहे.

"आक्का, हितं ढेकूळ भिजंना आन् तू तिकडं पाण्यात. मी येतोच, रस्ता मोकळा हुंदे."

"नाव येतीय म्हणतात, लाला."

"कुणाच्या बी नावंत बसून जाऊ नगंस. मी आल्याबिगर उंबरा ओलांडलास तर भावकी म्हणंल, हिचा भाऊ मेला का काय."

"बरं," म्हटलं.

दुपारी नाव आलीच. पप्पू नावाचा माणूस चालवत होता, पेठेत हमाल आहे. तो ओरडला, "मावशी, चला. पाणी वाढणार हाय."

मी सांगितलं भाऊ येणार आहे. तो म्हणाला, भाऊ काय पोहत येणार हाय? मग तो नाव वळवून नानासोंच्या खिडकीखाली गेला. दोघं बोलले, इंजिनाच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. नानासोंनी माझ्या खिडकीकडे हात केला. नाव निघून गेली.

"गेला का नाहीत, भावजी?"

"डाव टाकून कुठं जायचं?"

हे मात्र बरं झालं नाही. त्यांचं घर आमच्यासारखं सिमेंटचं नाही. खाली विटा आहेत, पण दर्जा, म्हणजे विटांमधले सांधे, मातीचे. आणि गिरणीवाल्यानं आत शाळू ज्वारीची चाळीस-पन्नास पोती लावली आहेत असं हे म्हणायचे. शटर आज मधोमध फुगल्यासारखं दिसलं. आंबट वास येतो आहे.

मी इथं थांबले ते एका परीनं बरंच झालं. म्हातारा माणूस, समोर कुणी बोलायला तरी आहे.


बुधवार, ७ ऑगस्ट

तेरा पायऱ्या. सकाळी उठले तेव्हा डांबराची रेघ दिसत नव्हती. आधी वाटलं खिडकीतून नीट दिसत नाही. मग वाकून पाहिलं. रेघ पाण्याखाली होती.

नानासोंना सांगितलं. ते म्हणाले, "रेघ मारणाऱ्यानं वाकून मारली असंल."

मला शाळेतलं आठवलं. सातवीच्या मुलींना दरवर्षी एक प्रयोग दाखवायचा असे. काचेच्या बाटलीत काठोकाठ हरभरे भरायचे, पाणी ओतायचं, बूच घट्ट लावायचं आणि ठेवून द्यायचं. दुसऱ्या दिवशी बाटली फुटलेली असायची. मुली काचा गोळा करताना हसायच्या. मी नोंदवहीत लिहायचे, बाटली एक, फुटली.

मी नानासोंना म्हटलं, "भावजी, खाली शाळू भिजलाय. तो फुगणार. तुमच्या भिंतीला मातीशिवाय काही नाही. आज नाव आली की तुम्ही जा."

"फुगू दे की. हुरड्याला बोलवतो तुमाला."

"हसण्यावारी नेऊ नका."

"वैनी, डाव झाल्याबिगर मी उठत न्हाई. दादासोंला बी ठावं हाय."

मग मी ठरवलं, डाव संपवायचा.

यांचा चांगला डाव मी एका दिवसात घालवला. वजीर त्यांच्या उंटापुढं ठेवला. घोडे दिले. हत्ती दिला. प्रत्येक सोंगटी उचलताना यांचा हात आठवत होता, तरी दिली. नानासो दर वेळी म्हणत, "बघा हं वैनी, घेऊ का?" मी म्हणे, घ्या.

तीन वाजेपर्यंत माझ्याकडं राजा आणि एक प्यादं राहिलं. त्यांच्याकडं दोन्ही हत्ती, वजीर. मला दिसत होतं, दोन खेळ्यांत मात होते. त्यांनी केली नाही. हत्ती या घरातून त्या घरात आणि परत.

"मात करा की, भावजी."

"बघू की. घाई काय हाय?"

"मग ते प्यादं तरी घ्या."

"शेवटचं मोहरं मारत नसतात वैनी. नुसता राजा राहिला की बुर्ज हुतो. मग मात बी न्हाई आन् हार बी न्हाई, डाव मोडला. तीस वरसांत आमी एकदा बी बुर्ज केला न्हाई. एक तरी ठेवायचं समोरच्यापाशी."

नाव आज आलीच नाही. चारच्या सुमारास त्यांच्या भिंतीचा गिलावा पाण्यात पडला. मोठा आवाज नाही, म्हैस पाण्यात उतरावी तेवढा. नानासो खिडकीतच होते. दोघांनीही तिकडे पाहिलं. पाण्यावर पिठाचा पांढरा थर फिरत होता. त्यावर एक साप आला आणि देशपांड्यांच्या खिडकीच्या गजांत जाऊन बसला.

मात का करत नाहीत कळत नाही. जिंकायचा कंटाळा कुणाला असतो?


गुरुवार, ८ ऑगस्ट. दुपार, शाळेत

सगळं क्रमानं लिहिते, नाहीतर मागेपुढे होईल.

सकाळी पंधरा पायऱ्या बुडाल्या होत्या. सिलिंडरचा आवाज थांबला होता. खालची खोली छतापर्यंत भरली असणार. फोन बंद पडला. एक भाकरी होती, तिचे दोन भाग केले. अर्धी प्लास्टिकच्या पिशवीत घालून काठीनं नानासोंना दिली. त्यांनी घेतली.

"वैनी, मीठ कमी हाय."

"पुरात मीठ मोजून टाकतात का?"

ते हसले. खूप दिवसांनी मलाही हसू आलं. त्यांनी दाढी केली होती. हातात काठी आणि पांढरा शर्ट. कुठं निघाल्यासारखे दिसत होते.

दहाच्या सुमारास लांबून इंजिन ऐकू आलं. नानासोंनी कान दिला. मग पटाकडे बघत म्हणाले, "माझा हत्ती तुमचं प्यादं मारतोय."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "कुठलं प्यादं?"

"हाय कुठलं दुसरं? शेवटचं. मारलं. बुर्ज झाला वैनी. डाव मोडला. आता पट उचला आन् निघा."

यांच्याबरोबर तीस वर्षं खेळलेला माणूस असली चूक करणार नाही. नवशिकी मुलं करतात. कालच मला नियम सांगितला आणि आज स्वतः विसरले. मी म्हटलं, "परत घ्या खेळी, भावजी. चुकून झाली."

"खेळलेली खेळी परत घेत न्हाईत."

नाव बोळात शिरली. इंजिन बंद करून पप्पू भिंतींना हात लावत ती पुढं आणत होता. नावेत सात माणसं होती, दोन म्हाताऱ्या आणि एक बाळंतीण धरून. तो म्हणाला, "एकच बसंल आता. दुसऱ्या फेरीत दुसरं. कोण येतंय?"

मी म्हटलं, "नानासोंना घ्या. त्यांची भिंत फुगलीय."

नानासो म्हणाले, "वैनीस्नी घ्या."

"माझा भाऊ येणार आहे. मी उंबरा ओलांडून येऊ शकत नाही."

पप्पूनं कपाळाला हात लावला. "मावशी, उंबरा कुठं ऱ्हायलाय? धा फूट खाली हाय तो."

मी जागची हलले नाही. खरं लिहायचं तर मला भीती वाटत नव्हती. घरात यांचा चष्मा होता, चपला होत्या. जायचं कशाला, असंच मनात होतं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

तेव्हा नानासो म्हणाले, "वैनी, खिडकीला उंबरा नसतो."

नावेतली बाळंतीण हसली. खरंच नसतो. मी म्हटलं, "आणि तुम्ही?"

"हा आर्ध्या तासात परत येतोय. डाव तर मोडला, आता मला हितं काय काम हाय?"

मी पट उचलला, वही पिशवीत घातली आणि खिडकीतून उतरले. पप्पूनं दंडाला धरलं. आठ दिवसांत पहिल्यांदा मला कुणाचा हात लागला. नाव वळली तेव्हा नानासो खिडकीत काठी टेकून उभे होते. मी हात केला की नाही ते आठवत नाही.

आता दीड वाजला आहे. ही शाळा माझी नाही, दुसऱ्या भागातली आहे. आठवी ब च्या वर्गात जागा दिली. दाराशी बसले आहे. इथून नाव लागते ती जागा दिसते.


शुक्रवार, ९ ऑगस्ट

काल अडीचला पप्पू आला. एकटाच. मला पाहून दाराबाहेरच उभा राहिला.

परत जायला त्याला अर्ध्या तासाऐवजी तास लागला. वाटेत एका गच्चीवर दोन पोरं अडकली होती, ती आधी घेतली. बोळाच्या तोंडाशी आला तेव्हा मोठा आवाज झाला. गिरणीची पुढची भिंत बाहेर पडली आणि वरची खोली खाली बसली. पाण्यावर भिजलेला शाळू पसरला, एवढा की नाव पुढं जाईना.

त्यानं बराच वेळ हाका मारल्या.

मग तो म्हणाला, "मावशी, म्हाताऱ्याला मंगळवारीच न्यायला आल्तो मी. मला म्हणला, समोरच्या वैनी निघाल्याबिगर मी हलत न्हाई. दादासोंला काय तोंड दाखवू? म्हणून मी बी गेलो."

मी त्याला म्हटलं, तुझं चुकलं नाही, तू बस, पाणी पी. तो बसला नाही.

असं ते का म्हणाले असतील? मी तर त्यांच्यासाठी थांबले होते.


रविवार, ११ ऑगस्ट

नानासो काल सापडले. सैन्याच्या लोकांनी काढले. पाणी अजून बोळात आहे.

दुपारी लालासाहेब आला. कराडवरून फिरून, शेवटचे काही किलोमीटर चालत. दोन्ही हातांत पिण्याच्या पाण्याचे दोन कॅन आणि काखेत साडीची पिशवी. त्यांच्याकडे टँकर आठवड्यातून एकदा येतो. त्यातलं आणलं म्हणाला.

"आक्का, कुणी काढली गं तुला भाईर?"

मी सांगितलं, नानासोंनी. तो म्हणाला, "बरं झालं. भावकीला मी सांगतो, मीच फोन करून त्यांस्नी सांगितलं हुतं म्हणून."

मी त्याच्याकडे बघितलं. तो वाईट माणूस नाही. जनावरं तिथं कुणाच्या तरी भरवशावर टाकून आला होता. साडी घेतली. दहिवडीला चल म्हणाला, मी नाही म्हटलं. पाण्याचे कॅन वर्गातल्या लोकांनी संध्याकाळपर्यंत संपवले.


बुधवार, १४ ऑगस्ट

झोप लागत नाही म्हणून दिवसा पडले. बाळंतिणीचं बाळ रडत होतं. ती म्हणाली, "मावशी, तुमचा पट मांडा की, पोरांस्नी शिकवा." चार-पाच मुली जमल्या. त्यांना सोंगट्यांची नावं सांगितली. एकीनं विचारलं, शेवटचं प्यादं मारलं की काय होतं? मी म्हटलं, तसं करायचं नसतं. ती म्हणाली, पण केलं तर?

मी म्हटलं, बरोबरी. दोघंही सुटतात.

हे म्हटल्यावर मला पुढं शिकवता आलं नाही. डोकं दुखतंय सांगून पट मिटला. मुली गेल्या.


शनिवार, १७ ऑगस्ट

काल घरी आले. उद्या यांचा महिना. वीज नाही. खालच्या भिंती माझ्या डोक्याच्या वरपर्यंत ओल्या आहेत. चिखल बाहेर काढायला पालिकेची दोन माणसं आणि सृष्टीच्या ओळखीची तीन मुलं आली होती. खालच्या खोलीत काही उरलं नाही.

सकाळी नानासोंची मुलगी इस्लामपूरहून आली. गिरणीच्या जागेवर उभी होती. तिथं आता वास आहे आणि कोंब आलेला शाळू आहे, हिरवागार. मी तिला वर बोलावलं. खिडकीसमोर आता मोकळं आभाळ दिसतं. तिनं बसायच्या आधी तेच पाहिलं.

"काकू, तात्या शेवटी काय म्हणाले वो?"

मी म्हटलं, "दुसऱ्या फेरीत येतो म्हणाले."

"दुसरं काय न्हाई?"

"खिडकीला उंबरा नसतो, म्हणाले."

तिला कळलं नाही. मीही समजावून सांगितलं नाही. तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "तात्यांचं बोलणं तसलंच. मला पत्र लिहायचे त्यातबी हत्ती-घोडेच असायचे." जाताना ती माझ्या पाया पडली. तिला अडवायला हवं होतं. मी अडवलं नाही, हात वर आलाच नाही.

मी मंगळवारी निघाले असते तर तेही मंगळवारी निघाले असते. हे वाक्य तीन दिवस लिहायचं टाळत होते. आता लिहून ठेवलं आहे.

दुपारी ऊन पडलं. नखांत चिखल बसून ती काळी झाली होती. गच्चीवर वर्तमानपत्र अंथरलं, त्यावर बसून दोन्ही हातांची नखं काढली.